एकोणीस फेब्रुवारी : अमेरिकी काँग्रेसच्या सभासदांना खुलं पत्र

सिनेट आणि प्रतिनिधिगृहातल्या सर्व सन्माननीय सभासदांना,

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुमच्यापैकी कुणी ते वाचेल असा माझा गैरसमज नाही. खुल्या पत्राची रीतच अशी की पत्ता एकाचा असतो आणि वाचतं दुसरंच कुणी. इंग्रजीत मी अधूनमधून तुम्हाला लिहीत असते. उत्तरं येतात, छापील येतात, आणि मी जे लिहिलेलंच नसतं त्याबद्दल त्यात माझे आभार मानलेले असतात. तेव्हा म्हटलं, या खेपेला ज्या भाषेत मला नीट रागावता येतं त्या भाषेत लिहावं. राग एवढ्याचाच की अध्यक्ष घटनेची हद्द ओलांडत आले आणि तुम्ही बघत बसलात.

मी मूळची वाईची. पंचवीसेक वर्षं झाली, न्यू जर्सीत राहते. २००९ साली या देशाचं नागरिकत्व घेतलं. त्याआधी शंभर प्रश्नांची यादी पाठ करावी लागायची. मुलाखत घेणारा अधिकारी त्यातले दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. फ्रिजवर चिकटवलेली ती यादी मी पोळ्या लाटता लाटता घोकायचे. त्यातला एक प्रश्न अजून लक्षात आहे : सरकारच्या एखाद्या शाखेला डोईजड होण्यापासून काय अडवतं? उत्तर : सत्तेची विभागणी आणि एकमेकांवरचा अंकुश. मुलाखतीत नेमका हाच प्रश्न आला आणि मी शाळेतल्या पाढ्यासारखं उत्तर दिलं. अधिकाऱ्याने खूण केली, पुढचा प्रश्न विचारला. उत्तर खरं आहे का, हे त्यानेही विचारलं नाही आणि मीही नाही.

मग नूअर्कला शपथविधी झाला. देशाबाहेरच्या आणि देशातल्या सगळ्या शत्रूंपासून राज्यघटनेचं रक्षण करीन, असं आम्ही शेकडो जणांनी उजवा हात वर करून म्हटलं. पुढे कधीतरी टीव्हीवर तुमचा शपथविधी पाहिला आणि चमकले. घटनेबद्दलचे तुमचे शब्द अगदी तेच! अध्यक्षांची शपथ वेगळी आहे, इंग्रजीतले मोजून पस्तीस शब्द, खुद्द घटनेतच लिहून ठेवलेले. तुमची आणि माझी मात्र एक. म्हणजे आपण गुरुबंधू-गुरुभगिनीच म्हणायचे. त्या नात्याने हे पत्र आहे. अध्यक्षांबद्दलची तक्रार मी अध्यक्षांकडे न करता तुमच्याकडे का करते आहे, त्याचंही कारण तेच.

आता एकोणीस फेब्रुवारीबद्दल. आमच्याकडे त्या दिवशी शिवजयंती असते. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो, बायका पाळणा म्हणतात, इथे जन्मलेली पोरं अडखळत पोवाडा म्हणतात, मग पुलाव आणि श्रीखंड. काही वर्षांपूर्वी मी चपला ठेवायला बाहेर गेले तेव्हा तिथल्या फळ्यावर त्याच तारखेची आणखी एक सूचना लावलेली दिसली : जपानी-अमेरिकन लोकांचा ‘स्मरण दिवस’. मला माहीत नव्हतं. घरी येऊन वाचत बसले ते पहाटेपर्यंत.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. लष्कराने ठरवलेल्या टापूतून कुणालाही बाहेर काढता येईल, एवढंच त्या आदेशात होतं. ‘जपानी’ हा शब्दसुद्धा त्यात नाही. पण कुणाला काढायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे १,२०,००० माणसं हलवली गेली, आणि त्यातले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. आरोप नाही, खटला नाही, सुनावणी नाही. हातात मावेल तेवढं सामान घ्यायचं आणि आगगाडीत बसायचं. लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिताच्या रेसकोर्सवर कित्येक कुटुंबांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं. तिथून पुढे काटेरी तारांच्या छावण्यांत. याच रूझवेल्टांनी, जपानने पर्ल हार्बरवर केलेल्या हल्ल्यानंतर आठच दिवसांनी, १५ डिसेंबर १९४१ रोजी घटनेतल्या हक्कांच्या सनदेला दीडशे वर्षं झाली म्हणून देशाला उद्देशून रेडिओवर भाषण केलं होतं. त्या भाषणापासून या सहीपर्यंत मोजून ६६ दिवस.

आदेश अध्यक्षांचा, हे खरं. कायदेमंत्री फ्रान्सिस बिडल यांचा विरोध होता. एफबीआयचे जे. एडगर हूव्हर, ज्यांना उभ्या आयुष्यात कुणाचा संशय घ्यायला कधी कंटाळा आला नाही, त्यांनाही सरसकट उचलबांगडीची गरज वाटत नव्हती. पण लष्करी आदेश मोडणाऱ्याला तुरुंगात टाकायचं तर त्यासाठी कायदा लागतो, आणि कायदा करता तुम्ही. मार्च १९४२ मध्ये दोन्ही सभागृहांनी तो एका दिवसात, जवळजवळ चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर केला. सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट उठून म्हणाले, इतका गबाळा फौजदारी कायदा मी दुसरा वाचलेला नाही. एवढं म्हणून ते खाली बसले. हरकत घेतली नाही. तुमच्या सभागृहाच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त टोचणारा क्षण हाच आहे. कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, बोलूनही दाखवलं, आणि सोडून दिलं.

न्यायालयाने तरी काय केलं? डिसेंबर १९४४ मध्ये, घर सोडून जायला नकार देणाऱ्या फ्रेड कोरेमात्सू यांचा खटला सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारच्या बाजूने गेला. विरोधी निकाल लिहिताना न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी बजावलं की हे तत्त्व आता भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहील, आणि निकडीची बतावणी करता येणाऱ्या कुठल्याही सत्ताधाऱ्याच्या ते हाताशी असेल. आम्हा भारतीयांना हे वाचताना आणीबाणीतला १९७६ चा जबलपूर खटला आणि त्यात एकट्याने विरोधी निकाल देणारे न्यायमूर्ती हंसराज खन्ना आठवल्याशिवाय राहत नाहीत. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल २०१७ साली पुसला. तुमच्या न्यायालयाने कोरेमात्सूचा निकाल ‘ज्या दिवशी दिला त्या दिवशीही घोर चुकीचाच होता’ असं २०१८ मध्ये म्हटलं. एक वर्षाने आम्ही पुढे. तेवढाच आपला एक माफक अभिमान. अर्थात तुमच्याकडे ते वाक्य ज्या निकालात आलं, त्याच निकालाने काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवरची अध्यक्षीय प्रवेशबंदी कायम ठेवली, ही गंमत वेगळीच.

मग वरातीमागून घोडे आले. १९ फेब्रुवारी १९७६ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी तो आदेश रीतसर संपुष्टात आणला. १७ सप्टेंबर १९८७ रोजी, घटनेवर सह्या झाल्या त्याला बरोबर दोनशे वर्षं पूर्ण होत असताना, प्रतिनिधिगृहाने माफीचं विधेयक मंजूर केलं. त्यासाठी झटणाऱ्यांत कॅलिफोर्नियाचे नॉर्मन मिनेटा होते. दहा वर्षांचे असताना त्यांना सॅन होजेहून आगगाडीत बसवलं होतं. अंगावर स्काउटचा गणवेश, हातात बेसबॉलची बॅट. ती बॅट शस्त्र ठरेल म्हणून सैनिकाने काढून घेतली. पुढे वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनच्या छावणीत, तारांच्या आत, त्यांची एका स्थानिक मुलाशी ओळख झाली, तोही स्काउट. तो मुलगा म्हणजे नंतरचे सिनेटर अ‍ॅलन सिम्पसन. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, मैत्री आयुष्यभराची. १० ऑगस्ट १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी सही केली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर आणि देशाची माफी मिळाली. कायद्यात कारणं लिहिली आहेत : वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. त्या तिसऱ्या कारणात तुम्ही येता. १९४२ ते १९८८, सेहेचाळीस वर्षं. माफी ऐकायला कितीतरी लोक उरलेच नव्हते.

या तारखेशी आम्हा भारतीयांचा तर स्वतःचाही हिशेब आहे. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भगतसिंग थिंड हे ‘गोरे’ नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्व नाही. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या सैन्याचा गणवेश घातला होता. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव वाचून कुठल्याही मराठी माणसाचे कान टवकारतील. निकालानंतर सरकारने भारतीयांची आधी दिलेली नागरिकत्वंही परत घ्यायला सुरुवात केली, त्यात खुद्द पंडितांवर खटला भरला. ते लढले आणि जिंकले. बाकीच्या भारतीयांसाठी दार उघडलं १९४६ साली, तुमच्याच कायद्याने, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. सांगायचा मुद्दा, दार लावणं आणि उघडणं दोन्ही तुमच्या हातात असतं.

तुम्ही म्हणाल, बाई, चुका अध्यक्षांनी केल्या आणि झाडाझडती आमची का? कारण अध्यक्ष मर्यादा ओलांडणार हे घटना लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. जेम्स मॅडिसन यांनी १७९८ मध्ये जेफर्सनना लिहिलं की युद्धाची सर्वाधिक ओढ कार्यकारी शाखेलाच असते, सगळ्या राजवटींचा इतिहास हेच सांगतो, म्हणूनच घटनेने युद्धाचा प्रश्न मुद्दाम कायदेमंडळाकडे दिला. अध्यक्ष हात पसरणार, आणि तुम्ही आपल्या हद्दीसाठी हमरीतुमरीवर येणार, असा त्यांचा हिशेब होता. बांधावरून भांडणारे दोन भाऊ असले की शेत आपोआप राखलं जातं, असा. पहिल्या भावाने आपलं काम चोख केलं. दुसरा भाऊ बांधाकडे फिरकलाच नाही, त्याला पक्षाच्या बैठकीला जायचं होतं.

पक्षाचं म्हणाल तर यादी दोन्हीकडची आहे, आणि पहिल्या दिवसांपासूनची आहे. हक्कांची सनद लागू होऊन सात वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १७९८ मध्ये, जॉन अ‍ॅडम्स यांनी सरकारवरची टीका गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर सही केली. व्हरमाँटचे मॅथ्यू लायन, तुमच्यासारखेच काँग्रेसचे सभासद, चार महिने तुरुंगात गेले आणि तुरुंगातूनच पुन्हा निवडून आले. त्यांचा १,००० डॉलरचा दंड तुम्ही परत केलात, पण १८४० मध्ये, त्यांच्या वारसांना. घटनेत लिहिलंय तेवढंच सरकारने करावं असा आयुष्यभर आग्रह धरणाऱ्या जेफर्सननी १८०३ मध्ये लुइझियाना विकत घेतलं. परदेशी भूमी घेण्याची तरतूद घटनेत नाही, हे त्यांनी स्वतःच पत्रात कबूल केलं होतं. अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे घालवण्याचा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाला. पाच मतं! १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालय चेरोकींच्या बाजूने बोललं, तरीही १८३८ मध्ये सोळा हजारांच्या आसपास चेरोकींना हाकलण्यात आलं आणि त्यातले सुमारे चार हजार मेले. त्या पाच मतांचा विचार मनातून जात नाही. तीन माणसांनी बाजू बदलली असती तर?

लिंकनपाशी मी अडखळते, हे कबूल करते. तरुण खासदार असताना हाच माणूस अध्यक्ष पोल्क यांना विचारत होता की मेक्सिकोने अमेरिकी रक्त नेमकं कुठल्या जागेवर सांडलं ते दाखवा. जानेवारी १८४८ मध्ये प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी ठरवलं की ते युद्ध अध्यक्षांनी विनाकारण आणि घटनेविरुद्ध सुरू केलं. लिंकन त्या ८५ मध्ये होते. मग तेरा वर्षांनी तेच अध्यक्ष झाले आणि काँग्रेसला न विचारता हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क, स्थगित केला. ती तरतूद घटनेच्या पहिल्या कलमात आहे, म्हणजे तुमच्या कलमात. देश फुटत होता, मेरीलँडमध्ये रेल्वेमार्ग तोडले जात होते, राजधानी तुटण्याची भीती होती. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, सांगता येत नाही. पण एक फरक नोंदवण्यासारखा आहे. ४ जुलै १८६१ रोजी ते काँग्रेसपुढे आले, काय केलं ते सांगितलं, का केलं ते सांगितलं, आणि मान्यता मागितली. एक कायदा मोडू नये म्हणून बाकीचे सगळे कायदे बुडू द्यायचे का, हा त्यांचा प्रश्न त्या निवेदनातला आहे. आजकाल असं निवेदन येत नाही. विचारलं तर वकिलांचं टिपण येतं.

वुड्रो विल्सन मात्र मला कधीच पटले नाहीत. जगाला लोकशाहीसाठी सुरक्षित करायला निघालेल्या या प्राध्यापक-अध्यक्षांच्या राजवटीत, युद्धाविरुद्ध ओहायोतल्या कँटन गावी भाषण केलं म्हणून युजीन डेब्स यांना दहा वर्षांची सजा झाली. डेब्स यांनी १९२० ची अध्यक्षीय निवडणूक तुरुंगातून लढवली, नऊ लाखांहून जास्त मतं मिळवली. विल्सन यांनी शेवटपर्यंत माफी दिली नाही. ती दया दाखवली वॉरन हार्डिंग यांनी, ज्यांचं नाव कुणी आदर्श म्हणून घेत नाही.

आता युद्धाचं. युद्ध पुकारण्याचा अधिकार घटनेने तुम्हाला दिला आणि तुम्ही तो शेवटचा वापरलात १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान यांतलं एकही युद्ध रीतसर पुकारलेलं नाही. ट्रूमन यांनी १९५० मध्ये कोरियात सैन्य पाठवलं ते ‘पोलिसी कारवाई’ म्हणून. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टाँकिनच्या आखातात न झालेल्या दुसऱ्या हल्ल्याच्या बातमीवर तुम्ही लिंडन जॉन्सन यांना कोरा चेक दिलात : प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन. तो चेक परत घेतलात जानेवारी १९७१ मध्ये, आणि त्यानंतरही युद्ध चालूच राहिलं. सप्टेंबर २००१ मध्ये, ९/११ च्या हल्ल्यानंतर, पुन्हा तसाच कोरा चेक, विरोधात एकच मत, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं.

निक्सन यांच्याबद्दल मला आमच्या बाजूचं एक सांगायचंय. वॉटरगेट सगळ्यांना माहीत आहे. पण डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पाकिस्तानला शस्त्रं पुरवण्यावर बंदी असताना आणि स्वतःच्याच खात्यांचे कायदेतज्ज्ञ हे बेकायदा आहे म्हणत असताना, निक्सन आणि किसिंजर यांनी जॉर्डनला त्याच्याकडची अमेरिकी लढाऊ विमानं पाकिस्तानला द्यायला उत्तेजन दिलं. विमानं गेली. त्या वेळी माझा काका भारतीय हवाई दलात होता. तुमच्या कायद्यातली भोकं कुणाच्या डोक्यावर गळतात, हे आम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे.

निक्सन यांच्यामुळे तुम्ही जागे झालात, हे मान्य. १९७३ मध्ये त्यांचा नकाराधिकार ओलांडून कायदा केलात : सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत कळवा, आणि आमची परवानगी नसेल तर साठ दिवसांत थांबवा. छान कायदा. मग २८ एप्रिल १९९९ उजाडला. क्लिंटन कोसोवोवरून युगोस्लाव्हियावर बाँब टाकत होते. त्या दिवशी प्रतिनिधिगृहाने युद्ध पुकारायला नकार दिला, सैन्य मागे घ्यायलाही नकार दिला, आणि हवाई हल्ल्यांना परवानगी देण्याच्या ठरावावर मतं पडली २१३ विरुद्ध २१३. बाँबफेक ७८ दिवस चालली. साठाच्या पुढचे अठरा दिवस कुणाच्या परवानगीने? लिबियाच्या वेळी, २४ जून २०११ रोजी, परवानगीचा ठराव १२३ विरुद्ध २९५ असा फेटाळलात आणि त्याच दिवशी पैसा रोखण्याचा ठरावही १८० विरुद्ध २३८ असा फेटाळलात. म्हणजे करू नका असं म्हटलंत आणि खर्चाचे पैसेही चालू ठेवलेत. आमच्या गावी याला घोंगडं भिजत ठेवणं म्हणतात.

लिबियाचं युद्ध ओबामांचं. बारा वर्षं शिकागो विद्यापीठात घटनेचा कायदा शिकवलेला माणूस. हल्ल्याचा धोका समोर उभा नसताना अध्यक्षाला एकट्याने लष्करी कारवाईचा अधिकार घटनेत नाही, असं २००७ मध्ये उमेदवार असताना त्यांनीच लेखी सांगितलं होतं. सत्तेत आल्यावर त्यांच्या वकिलांनी काँग्रेसला सांगितलं की लिबियात चाललंय त्याला लढाई म्हणता येणार नाही, म्हणून साठ दिवसांचं घड्याळ चालूच झालेलं नाही. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला येमेनमध्ये ड्रोनने अन्वर अल-अवलाकी मारला गेला. माणूस अल-कायदाचा, त्याच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण जन्म न्यू मेक्सिकोतला, नागरिक अमेरिकेचा, आणि रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचा जीव घेऊ नये हे घटनेच्या पाचव्या दुरुस्तीत लिहिलेलं. २०१२ मध्ये मी माझं आयुष्यातलं पहिलं अमेरिकी मत ओबामांना दिलं. हे सगळं माहीत असताना दिलं. तेव्हा शपथ मोडल्याचा थोडा डाग माझ्याही हाताला आहे, हे लपवून तुम्हाला शहाणपण शिकवणं बरं नव्हे.

आणि जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर अमेरिकी बाँब पडले, तेव्हा तुमचं मतदान झालंच नव्हतं. परवानगी मागावी अशी कुणाला आता सवयच उरलेली नाही.

पैशाच्या चाव्या तर निर्विवाद तुमच्या. घटनेच्या पहिल्या कलमाचा आठवा भाग सुरूच होतो तो कर आणि आयातशुल्क बसवण्याच्या तुमच्या अधिकारापासून. निक्सन तुम्ही मंजूर केलेला पैसा अडवून ठेवायचे म्हणून १९७४ मध्ये तुम्ही त्याविरुद्ध कायदा केलात. ऑगस्ट २०२५ मध्ये अध्यक्षांनी तुम्हीच मंजूर केलेले ४.९ अब्ज डॉलर आर्थिक वर्ष संपता संपता असे अडवले की तुम्ही निर्णय घेईपर्यंत मुदतच सरावी. शुल्कांची कथा याहून सुरस. १९७७ च्या ज्या आणीबाणी कायद्याच्या आधारे २०२५ मध्ये जगभरावर शुल्क लावलं, त्यात शुल्क हा शब्दच नाही. मे आणि ऑगस्टमध्ये दोन न्यायालयांनी तसं सांगितलंही. दरम्यान २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या बहुतेक मालावर ५० टक्के शुल्क लागलं होतं. माझा मावसभाऊ अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात आहे. त्याचा फोन आला, “ताई, तुमच्याकडे संसद-बिंसद काही नसते का गं?”

मी त्याला काय सांगणार? आणीबाणी संपवण्याचा ठराव कुणी मांडला तर ठरावीक दिवसांत तो पुढे न्यायलाच हवा, असं तुमच्याच १९७६ च्या कायद्यात आहे. मार्च २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यावर तोड काढली. अधिवेशनातला उरलेला एकही दिवस, शुल्कामागच्या आणीबाणीपुरता, ‘दिवस’ धरला जाणार नाही असा नियमच मंजूर केला. मी हे तीनदा वाचलं. आमच्या पंचांगात एखादी तिथी क्षय होते, बिचारीला सूर्योदय लाभत नाही. पण सबंध वर्षाचा क्षय करण्याची हिंमत आजवर कुठल्याही पंचांगकर्त्याने केलेली नाही. मतदान करावं लागू नये म्हणून तुम्ही कॅलेंडर थांबवलंत! इथे अध्यक्षांनी घटना मोडली असं म्हणताही येत नाही. त्यांच्यासाठी तुम्हीच बांध कापून ठेवलात.

जमतच नाही असं मात्र म्हणू नका. १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्यं जिंकलेल्या रूझवेल्टांनी पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात आपल्या सोयीचे न्यायमूर्ती वाढवायचा घाट घातला, तेव्हा त्यांच्याच पक्षाने भरलेल्या सिनेटने ते विधेयक ७० विरुद्ध २० मतांनी गाडलं. त्या सिनेटर्सना पुढच्या निवडणुकीची भीती वाटत नसेल का?

२० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्षांनी आणखी एका आदेशावर सही केली. आई इथे तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेलं मूल नागरिक धरायचं नाही. चौदावी घटनादुरुस्ती १८६८ ची आहे, आणि वाँग किम आर्क या स्वयंपाक्याने १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिचा अर्थ ठरवून घेतला : इथे जन्मला तो इथला. आदेशाला तीनच दिवसांत सिएटलच्या न्यायाधीशांनी, तेही रेगन यांनी नेमलेल्या, धडधडीत घटनाबाह्य म्हणून रोखलं. न्यायालयांचं काम न्यायालयं करोत. मला आठवतंय ते आमच्या मंडळातल्या दोन गरोदर मुलींचं. एक पुण्याची, एक नांदेडची, दोघींचे नवरे एच-१बी वर. आदेश लागू व्हायची तारीख आणि बाळंतपणाची तारीख शेजारी शेजारी लिहून त्या बोटं मोजत बसायच्या. आदेश लागू व्हायचा होता १९ फेब्रुवारीला. त्या संध्याकाळी पाळण्याची दोरी धरायला दोघीही आल्या होत्या.

माझी मागणी छोटी आहे. बाँब टाकले, तर आठवड्याच्या आत नावानिशी मतदान. शुल्क लावलं, तर नावानिशी मतदान. तुम्ही दिलेला पैसा अडवला, तर नावानिशी मतदान. ठरावाच्या बाजूने द्या किंवा विरुद्ध द्या, तो तुमचा अधिकार. आवाजी नको, आणि कॅलेंडर चालू ठेवा.

पुढच्या शिवजयंतीला हॉलच्या दाराशी आम्ही एक जास्तीचं टेबल मांडणार आहोत. त्यावर ९०६६ ची एक प्रत असेल, बॅट काढून घेतलेल्या त्या दहा वर्षांच्या मुलाची गोष्ट एका पानावर मराठीत असेल, आणि शेजारी न्यू जर्सीच्या आपल्या सगळ्या सभासदांच्या नावांचा तक्ता. नावापुढे तारखेनिशी मत लिहायला रकाना आखलाय. जिथे मतदानच झालं नाही तिथे काय लिहायचं, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. कुणी म्हणतं रिकामा सोडा, कुणी म्हणतं लाल शाईने ‘गैरहजर’ लिहा. तुमचं काही मत असेल तर कळवा.

आपली,
एक मतदार, न्यू जर्सी